पार्कात पैसे गुंतवण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेली काही वर्षं आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक आमंत्रण सारखं फिरतंय. शनिवारी सकाळी झूमवर तासाभराचा कार्यक्रम, विषय मोबाइल होम पार्क आणि आरव्ही पार्कमधली गुंतवणूक. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बांधून आणलेलं घर, आरव्ही म्हणजे चाकांवरचं प्रवासी घर, आणि पार्क म्हणजे ती ठेवायला भाड्यानं जागा देणारी वसाहत. पन्नासेक जणांनी पैसे एकत्र करायचे, एक पार्क विकत घ्यायचा, पाच-सात वर्षं चालवायचा आणि नफ्यात विकायचा. बोलणारे बहुतेकदा आपल्यातलेच असतात. आयटीतली नोकरी, मुलं कॉलेजात, हाताशी थोडी शिल्लक. निवृत्तीची तरतूद करावीशी वाटणं यात गैर काहीच नाही. ज्या परिचितांनी मला हे आमंत्रण पाठवलं त्यांनीही चांगल्या भावनेनं पाठवलं. मी अशाच एका पार्कात राहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ॲरिझोना राज्यात फिनिक्सच्या पूर्वेला, मेसा आणि अपाची जंक्शनच्या पट्ट्यात, असे पार्क एकाला लागून एक आहेत. माझं घर म्हणजे पार्क मॉडेल आरव्ही. नुसत्या हिवाळ्यापुरती नाही, बाराही महिने मी तिथं राहते, आणि पुढेही तिथंच राहायचं आहे. म्हणून ते सादरीकरण मी नीट लक्ष देऊन पाहिलं. पार्कचा वरून काढलेला फोटो, जागांची संख्या, भाड्याचा चढता आलेख, पाचव्या वर्षाचा अपेक्षित परतावा, सगळं होतं. त्या जागांवर कोण राहतं आणि भाडं वाढल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल एक ओळ नव्हती. ती माहिती मी देते. पैसे घालायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.

आधी घराबद्दल. पार्क मॉडेल आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिलेलं नसेल. कारखान्यात बांधलेलं, एका लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं आणि खाली चाकं असलेलं हे घर. क्षेत्रफळ जास्तीत जास्त ४०० चौरस फूट. माझं १२ फूट रुंद आणि ३३ फूट लांब आहे, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या वन आरकेएवढं. दारातून आत आलं की बसायची जागा, त्याला लागून ओटा, प्रोपेनवरची शेगडी आणि पूर्ण उंचीचा फ्रिज. पुढे न्हाणीघर, मग झोपायची खोली. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. वर पोटमाळा आहे. त्याची उंची ५ फुटांहून कमी, म्हणून तो क्षेत्रफळात धरत नाहीत. माझ्या पोटमाळ्यावर बॅगा, हिवाळ्यातली पांघरुणं आणि गणपतीचं मखर असतं. घराच्या एका अंगाला नंतर बांधलेली बंदिस्त खोली आहे, तिला इकडे ॲरिझोना रूम म्हणतात. शिवणयंत्र आणि पाहुण्यांची गादी तिथं. बाहेर पेडेस्टल, म्हणजे विजेच्या जोडणीचा खांब, ५० अँपिअरचा. जुलैत एसी चालू असताना गिझर आणि ड्रायर एकदम लावले की ब्रेकर पडतो. त्यामुळे कपडे पहाटे वाळवायचे, हे पार्कातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं.

जुनं घर होतं, मला ३८,००० डॉलरला मिळालं. एवढ्या पैशात इथं एका बेडरूमच्या अपार्टमेंटचं जेमतेम अडीच वर्षांचं भाडं भागलं असतं. घर माझं, त्यावर कर्ज नाही. जमीन माझी नाही, तिचं दरमहा लॉट रेंट भरायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

मराठी बाई अशा घरात कशी आली, असं मनात आलं असेल तर सांगते, कारण माझ्यासारख्या आणखी जणी आहेत आणि पुढे आणखी असतील. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ एच-४ व्हिसावर आम्ही आलो. काम करायची परवानगी नव्हती. एच-४ वरच्या काही जणींना ती मिळाली २०१५ साली. तोवर आमच्या पिढीची उमेदीची वर्षं मुलांच्या शाळा, पाहुणे आणि मंडळाच्या कार्यक्रमांचे स्वयंपाक यांत गेली होती. ग्रीन कार्ड आल्यावर मी शाळेत मदतनीस म्हणून लागले. सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोंदलेली कमाई. ती मी पुरी केली. पण उशिरा सुरू केलेल्या, कमी पगाराच्या नोकरीवर पेन्शन किती बसणार? घटस्फोटानंतर मोठं घर विकलं, वाटण्या झाल्या, आणि माझ्या वाट्याच्या पैशात स्वतःच्या नावावर होऊ शकेल असं हेच घर होतं. मला ते आवडतं. झाडलोट अर्ध्या तासात होते, शेजार चांगला आहे, सकाळी दारातून सुपरस्टिशनचे डोंगर दिसतात. कुणाच्या दयेवर राहावं लागत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट.

हिवाळ्यात आमच्याकडे मिनेसोटा आणि कॅनडातून स्नोबर्ड येतात, एप्रिलमध्ये परत जातात. त्यानंतर जे उरतात ते आम्ही. निवृत्त स्कूलबस चालक, दुकानात कॅशियर असलेली सत्तरीची बाई, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, आणि माझ्या समोरची केअरगिव्हर. ती चँडलरमधल्या घरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, जेवू घालते. त्यांपैकी काही आपल्याच लोकांचे आईवडील आहेत.

आता कायद्याचं. कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी अमेरिकन काँग्रेसनं १९७४ साली कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचं, म्हणजे हडचं, मानक लागू झालं. त्यानुसार बनलेल्या घराला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. त्याच्या भिंतीवर लाल पट्टी असते, ती याच मानकाची खूण. पार्क मॉडेल या कायद्यातून वगळलेलं आहे. ते आरव्हीसाठीच्या वेगळ्या मानकानुसार बनतं. २०१८ च्या नोव्हेंबरात हडनं ही सूट आणखी स्पष्ट केली: हे वाहन फक्त सुटीतल्या वापरासाठी आहे, कायमच्या निवासासाठी नाही, आणि तशी सूचना विक्रीच्या वेळी स्वयंपाकघरात ठळक दिसेल अशी लावायची. नवीन पार्क मॉडेल बघायला विक्रेत्याकडे गेलात तर ओट्यावर किंवा कपाटाच्या दारावर ती सूचना वाचायला मिळेल.

त्या एका कागदाचे परिणाम लांबवर जातात. बँक गृहकर्ज देत नाही. कर्ज मिळालंच तर गाडीसारखं, जास्त व्याजाचं आणि कमी मुदतीचं. स्वतःची जमीन घेऊन त्यावर हे घर ठेवून राहीन म्हटलं तर बहुतेक शहरं परवानगी देत नाहीत. उरतो पार्क. तिथंही संरक्षण पातळ असतं. ॲरिझोनात मोबाइल होमच्या रहिवाशांसाठी एक कायदा आहे आणि पार्क मॉडेलसारख्या आरव्हींसाठी दुसरा. हा दुसरा कायदा लागू व्हायला जागा सलग १८० दिवसांहून जास्त काळासाठी घेतलेली असावी लागते. महिन्या-महिन्याच्या बोलीवर राहणारा माणूस वर्षानुवर्षं राहूनही कागदावर पाहुणाच ठरू शकतो. म्हणून करार वाचल्याशिवाय या व्यवहारात कुणीही पडू नये, राहणाऱ्यानंही आणि पैसे घालणाऱ्यानंही.

सरकारची सावधगिरी सगळीच चुकीची आहे, असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर हजारो कुटुंबांना ट्रेलर आणि पार्क मॉडेलमध्ये ठेवलं. तात्पुरती सोय म्हणून दिलेल्या जागेत माणसं वर्षानुवर्षं राहिली आणि आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण जास्त असल्याचं पुढे तपासणीत निघालं. भिंती पातळ असतात, उष्णतारोधक थर कमी असतो, हे मी रोज अनुभवते. पण लोक या घरांत राहतात, स्वस्त घरांचा तुटवडा संपेपर्यंत राहणारच आहेत, आणि तो तुटवडा लाखांत मोजावा लागतो. अमेरिकेतल्या भाडेकरूंपैकी निम्मी कुटुंबं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त पैसे घरावर घालवतात. अशा वेळी बारमाही राहण्याजोगं पार्क मॉडेल कसं असावं याचं मानक हवं. ‘इथं राहू नका’ अशी सूचना लावून प्रश्न सुटत नाही, तो फक्त राहणाऱ्याच्या अंगावर ढकलला जातो.

आता तुमच्या सादरीकरणातल्या आकड्यांकडे येते. त्यात एक वाक्य असतंच: इथलं भाडं बाजारभावापेक्षा कमी आहे, वाढवायला वाव आहे. त्याच्या खाली दुसरं असतं: रहिवासी टिकून राहतात, कारण घर हलवायला खर्च फार येतो. ही दोन वाक्यं एकत्र वाचा. समजा पार्कात २०० जागा आहेत आणि दर जागेचं भाडं महिन्याला १०० डॉलरनं वाढवलं. वर्षाचं उत्पन्न २,४०,००० डॉलरनं वाढलं. पार्कची किंमत उत्पन्नावरून ठरते. ६ टक्के कॅप रेट, म्हणजे किमतीच्या मानानं वर्षाचं निव्वळ उत्पन्न, धरला तर एका नोटिशीनं त्या पार्कची किंमत ४० लाख डॉलरनं वाढली. एक झाड लावलं नाही, एक गळका नळ दुरुस्त केला नाही, तरी वाढली. म्हणूनच हा धंदा इतका आकर्षक दिसतो.

हे १०० डॉलर कुठून येतात ते बघा. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन महागाईनुसार २०२४ मध्ये ३.२ टक्के वाढलं, २०२५ मध्ये २.५ टक्के. महिना १,४०० डॉलर पेन्शन असणाऱ्याला २०२५ मध्ये ३५ डॉलर जास्त मिळाले. त्यातून १०० डॉलरची वाढ द्यायची. ॲरिझोनात शहरांनी भाड्यावर मर्यादा घालायला राज्याच्या कायद्यानंच मनाई आहे, त्यामुळे नगरपालिकेकडे धाव घेण्यात अर्थ नाही.

आमच्या पार्कातही हे घडलं. जुन्या मालकानं पार्क विकला, नवी कंपनी आली. भाड्यात धरलेलं पाणी आणि कचरा वेगळा झाला. दर नव्या कराराला लॉट रेंट वाढलं. ऑफिसात बसून सगळ्यांना नावानं ओळखणारी व्यवस्थापक गेली, तक्रारीसाठी पोर्टल आलं. कायद्याबाहेरचं यात फारसं काही नव्हतं, हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणी हे एका वाईट कंपनीचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला सारणार नाही. एका शेजारणीला मुलीकडे ओरेगॉनला जायचं होतं. तिनं घर विकायला काढलं. गिऱ्हाईक येत, घर आवडे, मग नवीन लॉट रेंट विचारत आणि परत जात. तिनं किंमत उतरवली, पुन्हा उतरवली, आणि शेवटी घेतलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी पैशात दिलं. हा हिशेब सादरीकरणात येत नाही: भाडं वाढतं तशी तुमच्या पार्कची किंमत वाढते आणि त्याच वाढीनं आमच्या घराची किंमत पडते. आमची आयुष्यभराची शिल्लक त्या घरातच असते.

‘नाही परवडलं तर घर घेऊन दुसरीकडे जावं, चाकं आहेतच की,’ असं मला एका समारंभात कुणी तरी म्हणालं. ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत, म्हणून नीट उत्तर देते. साडेआठ फुटांहून रुंद घर रस्त्यानं न्यायला खास परवाना लागतो. वेगळा ट्रक लागतो. आधी ॲरिझोना रूम पाडायची, छत उतरवायचं, खालची स्कर्टिंग काढायची, सांडपाण्याची पक्की जोडणी तोडायची, जमिनीला बांधलेल्या पट्ट्या सोडवायच्या, आणि नव्या जागी हे सगळं पुन्हा करायचं. हजारो डॉलर जातात. एवढं करून जायचं कुठं? बरेच आरव्ही पार्क दहा वर्षांहून जुनं घर आत घेतच नाहीत. फिनिक्समधला पेरिविंकल नावाचा मोबाइल होम पार्क २०२३ च्या मे महिन्यात जमीनमालकानं दुसऱ्या कामासाठी रिकामा करून घेतला, तेव्हा कित्येकांची घरं हलवण्याजोगी नव्हती. स्वतःची घरं तिथंच टाकून माणसं गेली.

तुम्हाला हे समजावून सांगावं लागू नये, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला जमीन आणि इमारत वेगळ्या हातांत असल्याचं दुखणं चांगलं माहीत आहे. आपल्यापैकी किती जणांच्या आईवडिलांची सोसायटी कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे व्हावी म्हणून, बिल्डरच्या मागे वर्षानुवर्षं फिरली! फ्लॅट आपला, देखभाल आपण करायची, कर आपण भरायचा, आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव बिल्डरचं. पुनर्विकासाची वेळ आली की त्या एका नावापुढे सगळी सोसायटी अडते. म्हणूनच बिल्डर सही करत नसला तरी जमीन नावावर करून देणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली. ठाण्या-डोंबिवलीतल्या सोसायटीच्या सभांमध्ये ज्यांनी यासाठी घसा कोरडा केला, त्यांचीच मुलं ॲरिझोनात त्या बिल्डरच्या जागी बसताना मला बघवत नाही.

उन्हाबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे हा जिवाचा प्रश्न आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून वर गेला. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्यात, उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलंय की काउंटीतल्या घरांपैकी मोबाइल होम सुमारे ५ टक्के, पण घराच्या आत उष्म्यानं मरणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं त्यांत राहणारी. माझ्या पश्चिमेच्या भिंतीला दुपारी चारला आतून हात लावला तर चटका बसतो. खिडक्यांना आम्ही चांदीच्या रंगाचा कागद आतून चिकटवतो. पाण्याचा कूलर जूनच्या कोरड्या हवेत बरा चालतो. जुलैत पावसाळी ढग आले आणि हवा दमट झाली की तो निरुपयोगी, मग एसीशिवाय गत्यंतर नाही. तो एसी जर एका संध्याकाळी बंद पडला आणि घरात एकटं माणूस असेल, तर सकाळपर्यंत काय होईल सांगता येत नाही. म्हणून आमच्या रांगेत उन्हाळ्यात रोज रात्री नऊला एकमेकांच्या दाराशी जाऊन हाक मारायची पद्धत आहे. मोबाइल होम पार्कांमध्ये रहिवाशांना थंडाव्याची आवश्यक साधनं बसवण्यापासून मालकानं अडवू नये, असा कायदा ॲरिझोनाला २०२४ मध्ये करावा लागला. खिडकीतला एसी वाईट दिसतो म्हणून काढायला लावणारे मालक होते, त्यावरचा हा उपाय.

मग मी काय मागते? पार्कात पैसे घालूच नका, असं म्हणणं सोपं आहे, पण तुम्ही नाही घेतला तर दुसरं कुणी घेईल, हेही मला कळतं. तुमच्यात आणि मोठ्या फंडांत एक फरक आहे. हजारो गुंतवणूकदारांच्या फंडात तुमच्या प्रश्नाला किंमत नसते. पन्नास जणांच्या भागीदारीत पाच जणांनी सही करायच्या आधी हट्ट धरला, तर योजना बदलते. म्हणून हट्ट धरा. भाडेवाढ कशाच्या आधारे होणार, महागाई निर्देशांकाला बांधलेली आहे की नाही, आणि वर्षाला कमाल किती, हे भागीदारीच्या कागदात लिहून घ्या. ‘आम्ही माणुसकीनं वागतो’ हे तोंडी पुरत नाही, कारण पाच वर्षांनी पार्क विकाल तेव्हा तुमची माणुसकी नव्या मालकाबरोबर जात नाही. रहिवाशांना लांब मुदतीचे करार द्यायला सांगा, तेही नव्या मालकावर बंधनकारक असतील असे. घर विकताना करार खरेदीदाराच्या नावे, त्याच भाड्यात, करता आला पाहिजे. पेडेस्टल आणि वायरिंग दोन एसींचा भार सोसेल इतकं सुधारायला किती रक्कम बाजूला ठेवली आहे, ते विचारा. आणि पार्क विकायला काढाल तेव्हा पहिली विचारणा रहिवाशांना झाली पाहिजे, हे कलम आत घाला. कोलोरॅडोत मोबाइल होम पार्कांसाठी २०२० पासून कायदाच आहे की मालकानं रहिवाशांना कळवायचं आणि खरेदीचा प्रस्ताव द्यायची संधी द्यायची. कायदा नसलेल्या राज्यात भागीदारांनी ते स्वखुशीनं करायला कुणाची आडकाठी नाही.

या सगळ्यानं तुमचा परतावा कमी होईल. होईलच. आणि हे प्रश्न विचारल्यावर सादरीकरण करणारा गडबडला, किंवा मग सगळं गणितच बसत नाही म्हणाला, तर तो नफा नेमका कुठून येणार होता ते तुम्हाला कळलं असेल.

रहिवाशांना पहिली विचारणा करण्याचं ते शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून या दुखण्याचा खरा उपाय निघतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मेरेडिथ गावी १९८४ साली १३ कुटुंबांनी मिळून आपला पार्क विकत घेतला. जमीन सहकारी संस्थेची, घरं आपापली, भाडं किती ते सभासद ठरवणार. त्यांना कर्ज दिलं एका सामुदायिक कर्जनिधीनं. २००८ मध्ये रहिवाशांना असे पार्क घ्यायला मदत करणारी आरओसी यूएसए ही संस्था सुरू झाली, आणि आज तिच्या जाळ्यात रहिवाशांच्या मालकीचे ३०० हून अधिक पार्क आहेत. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, वार्षिक सभा, दुरुस्ती निधी: हे सगळं वाचताना मला आमची मुलुंडची सोसायटी आठवली. सहकारी गृहनिर्माण संस्था कशी चालते हे अमेरिकेत कुणाला शिकवावं लागतं, आपण ते घरातच बघत मोठे झालो. आपल्यात सीए आहेत, वकील आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत. एखाद्या पार्कातले रहिवासी सहकारी संस्था काढू पाहतात तेव्हा त्यांना हिशेब मांडून द्यायला, अर्ज भरून द्यायला माणूस हवा असतो. ज्यांना पैसेच गुंतवायचे आहेत त्यांनी अशा संस्थांना कर्ज देणारे सामुदायिक निधी शोधावेत. काही निधी व्यक्तींकडूनही ठेवी घेतात. व्याज कमी मिळतं. पण ते कुणाच्या पेन्शनमधून ओरबाडून दिलेलं नसतं.

ज्यांना गुंतवणूक वगैरे काही करायची नाही, त्यांच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या शहरात नवीन पार्कला किंवा परसातल्या छोट्या घरांना परवानगी देण्याचा विषय येतो, तेव्हा सुनावणीला विरोध करणारेच जातात. वाहतूक वाढेल, घरांच्या किमती पडतील, ‘तसले लोक’ येतील. आपल्या सबडिव्हिजनच्या गटांवर त्या विरोधाचे तयार मजकूर फिरतात आणि आपली माणसं ते न वाचता पुढे पाठवतात. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोनं २०१६ च्या सुमारास चाकांवरच्या छोट्या घराला परसातलं दुसरं घर म्हणून मान्यता दिली. ओरेगॉनमध्ये पोर्टलंडनं १ ऑगस्ट २०२१ पासून निवासी प्लॉटवर असं एक घर किंवा आरव्ही राहण्यासाठी चालेल असं ठरवलं. त्या वस्त्या कोसळल्या नाहीत. तुमच्या आईला किंवा एकट्या पडलेल्या मावशीला तुमच्याच परसात, तिच्या स्वतःच्या दाराकुलपाच्या घरात राहता आलं असतं, असं तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला बोलून दाखवलंय. मग सुनावणीच्या दिवशी तीन मिनिटं उभं राहून तेच बोला. ते जमत नसेल तर निदान विरोधाची पत्रं पुढे पाठवू नका.

आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना: ज्येष्ठांसाठी तुम्ही आरोग्याची व्याख्यानं ठेवता, मृत्युपत्राची ठेवता. एकदा घराचंही ठेवा. पन्नाशी-साठीत एकट्या झालेल्या बायका मंडळाच्या कार्यक्रमाला येणं बंद करतात ते हौस संपते म्हणून नाही. ‘कुठं राहता?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं म्हणून. त्यांना पार्क मॉडेल म्हणजे काय, करार कसा वाचायचा, १८० दिवसांची अट काय, कर्ज घेताना काय विचारायचं, हे वेळेवर कुणी सांगितलं तर त्या फसणार नाहीत. असं व्याख्यान द्यायला मी तयार आहे.

ज्यांच्यासमोर आत्ता एखादी भागीदारीची कागदपत्रं सहीसाठी पडली आहेत, त्यांनी आधी तो पार्क बघून यावं. हिवाळ्यात नको, तेव्हा सगळेच पार्क छान दिसतात. जुलैत जा, दुपारी चारला, आणि ऑफिसातून न जाता रांगांमधून चाला. लोक दार उघडतात, बोलतात. आमच्या पार्कात आलात तर माझा करार, गेल्या काही वर्षांच्या भाड्याच्या नोटिसा आणि विजेची बिलं मी टेबलावर ठेवीन. चहा होईल, कांदेपोहे होतील. तुमच्या सादरीकरणातले आकडे बरोबर घेऊन या, आपण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचू.

आपली,
मेसाजवळच्या एका पार्कातली रहिवासी